क्रूझर वळते गं, जरा धीर धर

आधी मनावरचं एक ओझं उतरवून ठेव. तू गाडी चालवायला विसरलेली नाहीस. कॉलेजपासून आर१५ ही स्पोर्ट्स बाइक चालवत आलीस, सातारा-पुणे कितीदा एकटीनं केलंस, तुझ्या हातात गाडी आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय. तरी परवा पसरणी घाटात नवी मीटिऑर क्रूझर वळेचना, डाव्या वळणावर भलतीच बाहेर गेली, समोरून जीप आली आणि तुझ्या पोटात गोळा आला. तेव्हापासून गाडी जिन्याखाली कव्हर घालून ठेवली आहेस, असं मावशी सांगत होत्या. हप्ते चालू आणि गाडी झाकलेली, असं नको गं करूस. विकायचं वगैरे तर मनातही आणू नकोस. चहा घे, बस, आणि मी सांगते ते शांतपणे ऐक.

खरं सांगू का, जिला एक गाडी चांगली येते तिलाच दुसऱ्या प्रकारची गाडी जास्त घाबरवते. अगदी नव्या मुलीच्या अंगात काही मुरलेलं नसतं, गाडी नेईल तशी ती शिकत जाते. तुझ्या अंगात आर१५ मुरली आहे. वळण दिसलं की तुझं शरीर आपोआप पुढे वाकतं, आतला गुडघा उघडतो, बाहेरच्या पायाचा पेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यावर, जोर येतो. त्या गाडीवर ते सगळं बरोबरच होतं. मीटिऑरवर बसून तेच करायला गेलीस की पायाखाली जोर द्यायला काही सापडत नाही, कंबर हलत नाही, आणि मग वाटतं आपल्याला काही येतच नाही.

दोन्ही गाड्या मनातल्या मनात शेजारी उभ्या करून बघ. तुझ्या जुन्या आर१५चं वजन साधारण १४२ किलो, मीटिऑरचं १९१. दोन चाकांच्या मधलं अंतर तिचं १३२५ मिलिमीटर, हिचं १४००. तिचं पुढचं चाक १७ इंची, हिचं १९ इंची. पुढचा फोर्क जास्त तिरका, हँडल रुंद आणि वर आलेलं, सीट खाली, आणि पाय मागे दुमडण्याऐवजी पुढे ठेवलेले. हे सगळं सरळ रस्त्यावर गाडी स्थिर राहावी म्हणून केलेलं आहे. हायवेला ती कशी निवांत चालते ते तू अनुभवलंच असशील. तोच स्थिरपणा वळणाच्या तोंडाशी आडवा येतो. गाडी म्हणते, मी सरळ चालले आहे, वळायचं असेल तर मला नीट सांग. आर१५ला तू नुसतं बघितलंस तरी कळायचं. हिला शब्द उच्चारून सांगावं लागतं, एवढंच.

आता गंमत बघ. मागचं टायर दोन्ही गाड्यांचं एकाच मापाचं, १४०/७०-१७. आणि कागदावर जमिनीपासूनची उंचीही दोन्हींची १७० मिलिमीटरच लिहिलेली आहे. मग फरक कुठे पडला? पेगच्या जागेत. आर१५चे पेग वर आणि मागे, त्यामुळे गाडी बरीच झोपवलीस तरी ते जमिनीपासून दूर राहतात. हिचे पेग खाली, पुढे आणि बाहेर आलेले. गाडी झुकली की टायरची पकड सुटायच्या कितीतरी आधी पेगच रस्त्याला टेकतो. हे एकदा डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं आहे.

पहिलं काम हाताचं. गाडी डावीकडे वळवायची तर डावं हँडल पुढे दाबायचं. हो, डावंच, आणि पुढेच. ऐकायला उलटं वाटतं, पण आर१५वर तू रोज हेच करत होतीस, फक्त तिथे हँडल जवळ आणि खाली असल्यामुळे अंग वाकवताना आपोआप दाब जायचा, म्हणून कळलं नाही. विमान बनवण्याआधी राइट बंधूंचं सायकलचं दुकान होतं ना, त्यातल्या विल्बर राइटनं कितीतरी सायकलवाल्यांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही काय करता. जवळजवळ सगळे म्हणाले, हँडल डावीकडे फिरवतो. वळायच्या आधी आपण ते क्षणभर उजवीकडे नेतो, हे पहिल्या फटक्यात एकानंही सांगितलं नाही. तेव्हा तुला इतकी वर्षं कळलं नाही यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही बाई.

होतं काय, तर डावं हँडल पुढे दाबलं की पुढचं चाक क्षणभर उजवीकडे जातं, गाडीचं अंग डावीकडे झुकतं, आणि मग ती डावीकडे वळते. पंधरा-वीसच्या वेगाच्या वर प्रत्येक दुचाकी अशीच वळते. पोळी लाटताना बघ, पोळी हातानं फिरवत नाहीस तू. लाटण्याच्या एका टोकाला किंचित जास्त दाब देतेस आणि पोळी आपली आपण फिरते. तेवढाच दाब, तितकाच हलका, आणि हात तसाच सैल. मीटिऑरचं हँडल रुंद आहे हा तुझ्या बाजूचा मुद्दा आहे, कारण रुंद हँडलला थोडा दाबही पुरतो. तू हँडल घट्ट आवळून धरलंस की मात्र डावा हात पुढे ढकलतो आणि उजवा हात त्यालाच अडवून धरतो. परवा घाटात हेच झालं असणार. कोपर ताठ, खांदे कानापर्यंत, आणि दोन्ही हात एकमेकांशी भांडतायत. मग गाडी कशी वळेल?

मला माहितीय, तू म्हणशील, ताई, पण अंग झुकवूनही गाडी वळतेच की. वळते, पण फार थोडी आणि फार सावकाश. कीथ कोड नावाचे अमेरिकेतले नामांकित प्रशिक्षक आहेत, कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूल त्यांचंच. त्यांनी यासाठी एक खास मोटरसायकल तयार केली. तिला नेहमीच्या हँडलशिवाय आणखी एक हँडल बसवलं, जे गाडीच्या सांगाड्याला पक्कं जोडलेलं, न हलणारं. त्याला धरून शिकणाऱ्यांनी नुसत्या अंगानं गाडी वळवून दाखवायची. गाडी जरा इकडेतिकडे सरकते, पण मनासारखं वळण घेत नाही. तेव्हा बघ, पायाखाली जोर सापडत नाही म्हणून रडत बसू नकोस. वळवायचं काम मुळात हातांचंच होतं.

अंग मात्र वाया जात नाही हं. क्रूझरवर कंबर बाहेर काढता येत नाही आणि तशी गरजही नाही. छाती आणि हनुवटी वळणाच्या आतल्या बाजूला न्यायची, जणू आतल्या आरशाकडे डोकावतेस. तेवढ्यानं तुझं वजन आत जातं आणि त्याच वळणाला गाडीला थोडं कमी झुकावं लागतं. म्हणजे पेग आणि रस्ता यांच्यामधली जागा तेवढी शिल्लक राहते. पुष्कळ जणी घाबरून नेमकं उलट करतात. गाडी आत झुकली की स्वतः ताठ बसतात, डोकं बाहेर ठेवतात. मग गाडीला आणखी झुकावं लागतं. तू हे करतेयस का ते मैदानात कोणालातरी मागून व्हिडिओ काढायला सांगून बघ. तुझा भाचा आहेच, त्याला मोबाइलचं निमित्त हवंच असतं.

आता जरा आकडे सांगते. कंटाळू नकोस, हे आकडे मला फार उपयोगी वाटतात. घाटातलं एखादं मध्यम वळण घे, ३० मीटर त्रिज्येचं. ते ताशी ३० किलोमीटरनं घेतलंस तर गाडीला साधारण १३ अंश झुकावं लागतं. ४० नं घेतलंस तर २३ अंश. आणि ५० नं घेतलंस तर ३३ अंश! वेगाचा परिणाम वर्गानं वाढतो, म्हणून दर दहा किलोमीटरला झुकाव असा उडी मारतो. आर१५साठी ३३ अंश म्हणजे काहीच नाही. क्रूझरचे पेग मात्र तिशीच्या आगेमागे जमिनीला लागायला लागतात. म्हणजे जुन्या सवयीनं ५० नं शिरलीस की थेट काठावर, आणि ४० नं शिरलीस तर भरपूर जागा हाताशी. दहाचा फरक आहे गं फक्त. पाचगणीला पोचायला दोन-चार मिनिटं उशीर झाला तर कोण ओरडणार आहे?

आणि समजा कधी टेकलाच पेग, तर? खर्रर्र असा आवाज येतो, पायाला धक्का जाणवतो, आणि अंगावर काटा येतो. त्या क्षणाला एकच लक्षात ठेव, काहीही एकदम करायचं नाही. पेग बिजागरीवर असतो, टेकला की वर दुमडतो, तो तुला सूचना देतोय. थ्रॉटल आहे तिथे ठेव, छाती अजून थोडी आत ने, गाडी अगदी किंचित उभी होऊ दे. थ्रॉटल खाडकन सोडलास तर वजन पुढे येतं, गाडी आणखी खाली बसते आणि मग पेगच्या मागचे न दुमडणारे भाग, स्टँड, सायलेन्सर, हे रस्त्याला लागतात. ते धोक्याचं, कारण लोखंडावर वजन आलं की मागचं चाक उचललं जातं. बुटाचा चवडा पेगवर आत ओढून ठेव, बाहेर लटकू देऊ नकोस. बोट रस्त्यात आणि पेगमध्ये सापडण्याची भीती तिथेच असते.

आता मुख्य गोष्ट. माझं ऐकायचं असेल तर बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस. वेग कमी करायचं सगळं काम वळणाच्या आधी, गाडी सरळ उभी असताना संपवायचं. ब्रेक, गिअर, सगळं. वळणात शिरताना तुझ्या हातात दोनच कामं उरली पाहिजेत, हँडलचा दाब आणि थ्रॉटल. आर१५ हलकी होती, वळणात शिरून जरा जास्त वेग वाटला तर आत ब्रेक लावूनही ती सांभाळून घ्यायची. १९१ किलोची गाडी वळणात सांभाळून घेत नाही. आत शिरल्यावर पुढचा ब्रेक जोरात धरलास की ती उभी राहायला बघते, आणि उभी राहिली की सरळ जाते. परवा हेही झालं असणार. दोन्ही चाकांना एबीएस आहे, मान्य, आणि सरळ रस्त्यावर तो जीव वाचवतो. पण गाडी किती झुकली आहे हे त्या एबीएसला कळत नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर वळणात ब्रेक दाबायचा नाही.

कसं करायचं ते एक वळण घेऊन सांगते. वाईहून वर निघालीस, पसरणी गाव मागे पडलं (शाहीर साबळ्यांचं गाव बरं का ते), घाट सुरू झाला. पुढे उजवं वळण दिसतंय. अजून सरळ आहेस तोवर थ्रॉटल सोड, दोन्ही ब्रेक हळूहळू दाब, पुढचा जास्त, मागचा साथीला. गिअर एक खाली घे, क्लच पूर्ण सोड. गाडी गुरगुरल्यासारखी इंजिनवर आली पाहिजे. आता वेग इतका असावा की तुला वाटेल, अरे, हे जरा जास्तच हळू झालं. तसं वाटणं हाच बरोबर वेग, पहिले काही आठवडे तरी. मग मान फिरव. नुसते डोळे नकोत, हनुवटी फिरव, वळण जिथे संपताना दिसतं तिकडे. आणि मग उजवा हात हलका पुढे. गाडी झुकली की थ्रॉटल अगदी जरासा उघडायचा, रेस द्यायची नाही, नुसतं इंजिन ओढत राहील इतका. त्यानं गाडीचं वजन मागच्या चाकावर बसतं, पुढचा फोर्क वर येतो, जमिनीपासूनची जागा वाढते आणि गाडी रुळावर आल्यासारखी वळण धरते. अमेरिकेतलं मोटरसायकल सेफ्टी फाउंडेशन नव्या शिकणाऱ्यांना याच क्रमानं शिकवतं. वेग कमी, नजर, दाब, मग थ्रॉटल. तोंडानं म्हण हवं तर. हेल्मेटच्या आत कोण ऐकतंय?

वळणात क्लच दाबून गाडी सोडून देऊ नकोस, हे मात्र रागावून सांगते. क्लच दाबला की इंजिनचा आधार गेला, उतारावर गाडी वेग घेते आणि तुझ्या हातात काही राहत नाही. उतरताना तर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवणारे महाभाग खूप दिसतील, त्यांच्याकडे बघायचंही नाही. ज्या गिअरनं चढलीस त्याच गिअरनं उतर, दुसरा किंवा तिसरा. ब्रेक तापत नाहीत आणि गाडी इंजिननं धरलेली राहते.

नजरेचं जरा जास्त बोलते, कारण घाबरलेल्या माणसाची नजर सगळ्यात आधी हातातून जाते. ज्याच्याकडे बघशील तिकडे गाडी जाते. जीप दिसली, तू जीपकडे बघत राहिलीस, गाडी जीपकडे गेली. कठड्याकडे बघितलंस तर कठड्याकडे जाईल. हे मुद्दाम तोडावं लागतं. रस्त्याच्या दोन्ही कडा लांब कुठेतरी एकत्र आल्यासारख्या दिसतात ना, त्या ठिकाणावर नजर ठेव. ते ठिकाण तुझ्यापासून पुढे पुढे सरकतंय, म्हणजे वळण उलगडतंय, वेग ठेवायला हरकत नाही. ते ठिकाण एका जागी थांबलं किंवा तुझ्याकडे यायला लागलं, म्हणजे वळण आवळत चाललंय, आणि तुला अजून वेग कमी करायला हवा. घाटातली वळणं अशी मधेच आवळतात, म्हणून तर पंचाईत होते. धोम धरणाचं पाणी त्या घाटातून फार छान दिसतं, मला माहितीय. थांबून बघ, गाडी कडेला लावून, पोटभर बघ. चालवता चालवता नको.

रस्त्यावर आपली जागा कुठली, हे आर१५वाल्यांना ट्रॅकचे व्हिडिओ बघून चुकीचं समजलेलं असतं. बाहेरून आत आणि आतून बाहेर, पूर्ण रस्ता वापरून. ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही गं. आपल्याला अर्धाच रस्ता आहे असं धरून चाल, आणि त्या अर्ध्यातही समोरचा घुसेल असं धर. उजव्या वळणावर तू डाव्या कडेकडे राहा. मधल्या पट्ट्याजवळून उजवीकडे झुकलीस तर चाकं तुझ्या बाजूला आणि डोकं मात्र समोरच्याच्या बाजूला, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डाव्या वळणावर घाई करून आतल्या कडेला चिकटू नकोस. तिथे खडी साठलेली असते आणि पुढचं दिसतही नाही. आपल्या अर्ध्या रस्त्याच्या मधोमध राहा, वळणाचं पलीकडचं टोक दिसलं की मग आत घे. उशिरा आत घेतलंस की बाहेर फेकली जाण्याचा धोका पुष्कळ कमी होतो.

एसटी आणि ट्रक आवळ वळणावर मोठा फेरा घेणारच, त्यांना इलाज नाही. वळणाच्या आधी हॉर्न दे, आणि एसटीचं नाक दिसलं की कडेला थांब. चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचं हा घाटातला नियम आहे, तू उतरत असशील तर तूच थांबायचंस. थांबण्यात कमीपणा नाही. ड्रायव्हरकाका बहुतेक वेळा हात करून जातात, बरं वाटतं.

आवळ वळणं, ती केसाच्या पिनेसारखी दुमडलेली, त्यांची गोष्ट वेगळी आहे. तिथे वेग दहा-बारावर येतो आणि हँडल दाबण्याचं शास्त्र संपतं. तिथे हँडल सरळ सरळ वळवायचं, अंग उलट बाहेरच्या बाजूला ठेवायचं, पहिला गिअर, हाफ क्लच, आणि मागचा ब्रेक जरासा दाबून ठेवायचा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, या दोघांच्या मधे गाडी ताठ राहते. पुढच्या ब्रेकला बोटही लावायचं नाही. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबलास की जड गाडी बसल्या जागी आडवी होते. तुझी सीट फक्त ७६५ मिलिमीटरवर आहे, दोन्ही पाय पूर्ण टेकतात, हे त्या वेळी किती मोठं सुख आहे ते बघशीलच. आर१५वर ८१५ मिलिमीटरवर बसून टाचा वर करून उभी राहायचीस, आठवतंय ना?

हे सगळं घाटात शिकायचं नाही. आधी मैदान. बाजार समितीचं आवार सुट्टीच्या दिवशी रिकामं असतं, नाहीतर शाळेचं मैदान मागून घे. चहाचे कागदी कप पालथे घालून ठेव, गाडी वरून गेली तरी काही बिघडत नाही. आधी सरळ जाताना ३० च्या वेगात डावं हँडल दाब, सोड, उजवं दाब, सोड, गाडी कशी ऐकते ते बघत राहा. खरं तर इथेच निम्मी भीती जाते. दहा-पंधरा मिनिटं हेच कर. मग कपांचं मोठं रिंगण, त्याच्याभोवती फेऱ्या, मान सतत रिंगणाच्या पलीकडे. उजवीकडे फिरणं बहुतेकींना जड जातं, कारण थ्रॉटलचा हात आत दुमडतो. म्हणून उजव्या फेऱ्या जास्त घाल. मग रिंगण लहान करत ने. शेवटी सात मीटरच्या आत परत फिरायला जमलं, म्हणजे आपल्या दुपदरी रस्त्याइतक्या जागेत, की मग घाटातलं कुठलंही वळण तुला अडवणार नाही. पहिल्या दिवशी खांदे दुखतील, मनगटं दुखतील. गरम पाण्यानं शेक आणि दुसऱ्या दिवशी परत जा.

मावशींना मागे बसवायची घाई करू नकोस. त्यांना साडीत एका बाजूला पाय सोडून बसायची सवय, आणि तसं बसलं की सगळं वजन एका अंगाला जातं, डावं वळण एक आणि उजवं वळण भलतंच वेगळं लागतं. शिवाय मागे वजन आलं की गाडी खाली बसते आणि पेग आणखी लवकर टेकतात. मागच्या शॉकॲब्झॉर्बरला ६ टप्प्यांचं सेटिंग आहे, डबल सीट जायचं तर ते वाढवून घ्यायचं, आणि टायरची हवा पुस्तिकेत दोघांसाठी लिहिलेली असते तेवढी भरायची. मावशींना सांग, सलवार-कमीज घालून दोन्हीकडे पाय टाकून बसा, आणि वळणात माझ्या खांद्यावरून आतल्या बाजूला बघत राहा. एवढं केलं तरी त्या आपोआप बरोबर झुकतात. उलट्या बाजूला ताठ होणाऱ्या बाईपेक्षा निवांत बघत बसलेली बाई कधीही चांगली.

पावसाबद्दल थोडक्यात. पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल वर येतं, पांढरे पट्टे साबणासारखे होतात, डोंगराच्या बाजूला शेवाळ धरतं. पावसाच्या सीझनला घाट नकोच. ऊस चालू झाला की ट्रॅक्टरमागून पाचट आणि माती रस्त्यावर पडते, तिथेही सरळ राहून हळू जायचं.

आणि घरचे काय म्हणतील त्याची काळजी सोड. पुण्यात २०११ साली बायकर्नी ही मोटरसायकल चालवणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली, तेव्हाही लोक म्हणत होते बायकांनी मोटरसायकल कशाला. आज कुठल्याही घाटात रविवारी गेलीस तर हेल्मेटमधून वेण्या बाहेर आलेल्या मुली दिसतात. तुझ्या दादाला वाटत असेल गाडी जड आहे, तर त्याला मैदानावर घेऊन जा आणि सात मीटरात फिरवून दाखव. बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं.

तर असं कर. आज कव्हर काढ. गाडी पुसून घे, चेन बघ, हवा भर, साइड स्टँडची स्प्रिंग बघ. उद्यापासून आठवडाभर रोज अर्धा तास मैदान, डबा भरायच्या आधी. पुढच्या रविवारी सकाळी सहाला मी वाईला गणपती घाटापाशी येते, गर्दी सुरू व्हायच्या आत आपण वर जाऊ. तू पुढे, मी मागे, म्हणजे तुझा वेग तू ठरवशील. मधे दोनदा थांबू. ओढणी घरी ठेव, जॅकेट घाल, घोट्याच्या वर येणारे बूट घाल, हातमोजे विसरू नकोस. आणि निघायच्या आधी काहीतरी खाऊन नीघ, रिकाम्या पोटी हात थरथरतात. पाचगणीला मिसळ माझ्याकडून.